मल्लिकेची कोरी पाने

मोहन राकेश यांच्या ‘आषाढ का एक दिन’ या हिंदी नाटकात एक कोरा ग्रंथ आहे. मल्लिका नावाच्या एका गरीब पहाडी मुलीने भूर्जपत्रे जमवून, ती आपल्या हातांनी शिवून तो तयार केला आहे. तिच्या मनात असे की, राजधानीला गेलेला कालिदास एक दिवस परत येईल. तेव्हा हा ग्रंथ आपण त्याच्या हाती ठेवू आणि तुझे सर्वांत मोठे काव्य यावर लिही, असे त्याला सांगू. कालिदास येतो. पण तो येईपर्यंत इतकी वर्षे उलटून गेलेली असतात की, पाने झिजली आहेत, शिवण उसवत आली आहे, आणि पानापानावर डाग पडले आहेत. काही आसवांचे, काही घामाचे. कालिदास ती पाने उलटून पाहतो आणि म्हणतो की, ही कोरी कुठे राहिली? यांवर एक महाकाव्य आधीच लिहून झाले आहे.

या ठिकाणी प्रेक्षागृहात डोळे पुसले जातात, आणि ते योग्यच आहे. पण हे नाटक मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा याच जागी माझ्या मनात एक रूक्ष, हिशेबी प्रश्न उभा राहतो. इतके सुंदर बोलून कालिदासाने मल्लिकेला नक्की दिले काय? तिच्यापाशी उरलेले एवढेसे दुःख, त्यालाही त्याने काव्य हे नाव देऊन टाकले. आणि काव्य हा तर त्याचाच प्रांत!

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे वह्यांची पूजा होते. नव्या वहीला हळदकुंकू लागते, जुन्या वहीतली येणीदेणी पुढे ओढली जातात. तेव्हा या दिवसांत देण्याचा विषय काढला, तर वाचकांना तो फारसा अशुभ वाटू नये. लेखकाचे जे देणे असते – ज्यांच्या जिवावर तो लिहितो त्यांचे – ते लिहून फिटते काय? चांगले लिहून फिटते काय? फार फार चांगले लिहून तरी फिटते काय?

ज्या माणसाने हा प्रश्न हिंदी रंगभूमीवर आणला त्याच्याविषयी चार शब्द आधी सांगितले पाहिजेत. मोहन राकेश म्हणजे मूळचे मदनमोहन गुगलानी. जन्म अमृतसरचा, ८ जानेवारी १९२५चा. वडील वकील होते. मुलगा सोळा वर्षांचा असताना ते वारले. लाहोरला संस्कृत आणि हिंदीचे शिक्षण झाले, आणि ते पुरे होते न होते तोच फाळणी आली. पुढे मुंबई, सिमला, जालंधर, दिल्ली असा प्रवास. कमलेश्वर आणि राजेंद्र यादव यांच्या जोडीने त्यांचे नाव ‘नयी कहानी’च्या चळवळीत घेतले जाते. ‘शाकुंतल’ आणि ‘मृच्छकटिक’ यांची हिंदी भाषांतरे त्यांनी केली. गोव्यापासून कन्याकुमारीपर्यंत हिंडून ‘आख़िरी चट्टान तक’ हे प्रवासवर्णन लिहिले. १९५८ साली ‘आषाढ का एक दिन’ प्रसिद्ध झाले आणि हिंदीत ज्याला आधुनिक नाटक म्हणतात त्याची सुरुवात या नाटकापासून मोजू लागले. त्यानंतर ‘लहरों के राजहंस’ (१९६३) आणि ‘आधे-अधूरे’ (१९६९) अशी आणखी दोनच मोठी नाटके पुरी झाली. चौथे अपुरे टाकून १९७२ साली राकेश दिल्लीत अकस्मात वारले.  तेंडुलकर, बादल सरकार, गिरीश कार्नाड यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते, ते एवढ्याशा कामावर.

आता नाटकाकडे वळू. आषाढातला पहिला पाऊस कोसळत असतो. झोपडीत मल्लिकेची आई अंबिका सुपात धान्य पाखडत बसलेली आहे. मल्लिका चिंब भिजून येते. कालिदासाबरोबर डोंगरावर मेघ पाहायला गेली होती. गावात कुजबुज चालू आहे, तिचे जमू पाहणारे लग्न फिसकटले आहे. पण तिला त्याचे काही नाही. आपण एका भावनेला वरले आहे, असे ती आईला सांगते. आणि आई, हातातले सूप न थांबवता, विचारते की या भावनेने घरातल्या गरजा कशा भागायच्या?

या अंबिकेचे स्थान मला नाटकात फार मोठे वाटते. आपल्याकडील समीक्षक सहसा कालिदासाविषयी लिहितात, मल्लिकेविषयी लिहितात, कालिदासाचा प्रतिस्पर्धी जो विलोम त्याच्याविषयी तर फारच चवीने लिहितात, कारण विलोम बोलतो चमकदार. अंबिका सूप घेऊन बसलेली असते म्हणून की काय, ती नजरेआड होते. पण सगळ्या नाटकात कालिदासाला खरोखर ओळखले आहे ते तिने. ती मुलीला सांगते की, या माणसाला स्वतःखेरीज कुणाचाही मोह नाही; तू त्याचे निमित्त आहेस, तुझ्या आधाराने तो स्वतःवरच प्रेम करतो. मल्लिकेला हे ऐकवत नाही. आणि कुठल्या मुलीला ऐकवेल!

मग उज्जयिनीहून बोलावणे येते. सम्राटाला कालिदासाला राजकवी करायचे आहे. कालिदास जायला नाखूश असतो. त्याला जा म्हणून मल्लिकाच गळ घालते. ही गोष्ट विसरता कामा नये. तिला कुणी फसवलेले नाही. तिने आपण होऊन दिले आहे, आणि देताना आपल्या माणसाच्या थोरवीवर तिची पुरी श्रद्धा आहे. उद्या कालिदासाचा वकील उभा राहिला तर तो पहिला मुद्दा हाच मांडील.

दुसऱ्या अंकापर्यंत काही वर्षे गेली आहेत. उज्जयिनीहून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून मल्लिकेने कालिदासाच्या काव्यांच्या प्रती मिळवल्या आहेत. म्हणजे ज्या काव्यात तीच आहे ते तिला विकत घ्यावे लागले. कालिदास आता मातृगुप्त या नावाने काश्मीरचा कारभार पाहायला निघाला आहे, आणि वाटेत त्याचा लवाजमा याच गावात थांबतो. त्याची राणी प्रियंगुमंजरी मल्लिकेच्या झोपडीत येते. बाई वाईट नाही. उलट फार सभ्य आहे. ही पडकी भिंत बांधून देऊ, हे घर नीट करून देऊ म्हणते. आमच्या अधिकाऱ्यांपैकी एखाद्याशी तुझे लग्न लावून देऊ, असेही म्हणते. नवऱ्याचे देणे बायकोने परस्पर चुकते करण्याचा हा प्रसंग राकेशांनी फार बारकाईने लिहिला आहे. मल्लिका काहीच घेत नाही. आणि कालिदास? तो गावात येऊनही तिला भेटल्याशिवाय निघून जातो. घोड्यांच्या टापा ऐकू येतात, दूर जातात.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त मातृगुप्त नावाचा एक कवी आहे, उज्जयिनीच्या विक्रमादित्याने त्याला काश्मीरचे राज्य दिले अशी कथा आहे. हा मातृगुप्त म्हणजेच कालिदास, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात मांडली ती आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पुढच्या विद्वानांनी ती मान्य केली नाही. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसाने त्या वादात पडू नये. पण इतिहासाने टाकून दिलेली एक कल्पना शंभर वर्षांनी एका नाटककाराच्या उपयोगी पडली, याची गंमत वाटते खरी. कालिदासाच्या हाती केवळ लेखणी असती, तर या नाटकातले त्याचे अपराध कवीचे म्हणून सोडून देता आले असते. राज्य हाती आल्यावर तो मुभा संपते.

तिसऱ्या अंकात पुन्हा आषाढ आहे. अंबिका मेली आहे. घराची पार रया गेली आहे. मल्लिकेला एक मूल आहे. विलोमाचा त्या घरावर आता हक्क आहे. आपले नाव गेले आणि एक विशेषण तेवढे पदरात उरले, असे ती म्हणते. कालिदासाने काश्मीर सोडले अशी वार्ता येते, आणि एकटी बसून मल्लिका त्याच्याशी बोलते. किती मनापासून बोलते! तू माझ्या आयुष्यात नव्हतास असे कधी झालेच नाही, अशा अर्थाचे ती बोलते. आणि मग तो खरोखरच दारात येऊन उभा राहतो, भिजलेला, थकलेला. त्यानंतर बोलतो तो. फार वेळ बोलतो. माझ्या ‘कुमारसंभवा’तली तपस्विनी उमा तूच, ‘मेघदूता’तली यक्षिणी तूच, शकुंतलाही तूच, जे जे लिहिले ते या डोंगरांतले आणि तुझे होते, तिकडे राहून मी नवे काही लिहिलेच नाही – असा त्याचा एकूण कबुलीजबाब आहे.

नाटक वाचताना हा भाग घाईने वाचू नये, अशी माझी विनंती आहे. मल्लिकेचे सगळे बोलणे तो नसताना होते. तो आल्यावर ती ऐकते. आणि एवढ्या मोठ्या कबुलीजबाबात क्षमा मागितलेली कुठे दिसत नाही. कारणे आहेत, पश्चात्ताप आहे, आपल्या दुःखाचे उत्तम वर्णन आहे. आपल्यात काही उरले आहे, पुन्हा आरंभापासून सुरुवात करू, असे तो म्हणू लागतो, एवढ्यात आतून मूल रडते.

नाटक गाजले. कलकत्त्यात १९६० साली श्यामानंद जालान यांनी ‘अनामिका’तर्फे ते केले, १९६२ साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींनी केले. मणी कौल यांनी १९७१ साली त्याचा चित्रपट केला. त्यात मल्लिका झाल्या होत्या रेखा सबनीस आणि कालिदास झाले होते अरुण खोपकर, दोघेही आपल्याच मराठी मुलखातले. पण गाजण्याबरोबर ओरडही झाली. महाकवी कालिदासाला हा असा दुबळा, स्वार्थी, पळपुटा का दाखवला? यावर राकेशांनी पुढे जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, कालिदास ही माझ्या लेखी एक व्यक्ती नव्हेच. आपल्यातील सर्जनशक्तीचे, तिला आतून पिळवटणाऱ्या द्वंद्वाचे ते प्रतीक आहे.

हे उत्तर मला पटत नाही. राकेशांविषयी पुरा आदर ठेवून म्हणतो की, हे उत्तर त्यांच्या नाटकापेक्षा कमी प्रामाणिक आहे. कालिदास प्रतीक असेल, पण मग मल्लिका कशाचे प्रतीक? तिच्या घराची गळती कशाचे? अंबिकेच्या सुपातले धान्य खरे आहे. ते मूल खरे आहे, त्याचे रडणे खरे आहे. नाहीतर त्या रडण्याने नाटक थांबलेच नसते. नाटककाराने सगळ्या घरादाराला हाडामांसाचे करावे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तेवढे प्रतीक म्हणून सोडवून न्यावे, हा न्याय झाला नाही. सुदैवाने नाटक लिहिताना राकेश असे वागलेले नाहीत. प्रस्तावना लिहिणारा माणूस आणि नाटक लिहिणारा माणूस यांच्यात नाटक लिहिणाऱ्याचा शब्द मी प्रमाण मानतो.

आणि राकेशांना हा प्रश्न पुस्तकातून सुचलेला नव्हता. नोकरी, घर, गाव, लग्न यांपैकी काहीही त्यांना फार काळ धरून ठेवू शकले नाही. हे नाटक लिहिले तेव्हा त्यांचे पहिले लग्न मोडून झाले होते. दुसरेही पुढे टिकले नाही. राजीनामा देणे हा तर त्यांचा स्वभावच म्हटला पाहिजे. सिमल्याची शाळा सोडली, जालंधरचे कॉलेज सोडले, १९६२ साली ‘सारिका’सारख्या मासिकाचे संपादकपद मिळाले तेही वर्षभरात सोडले. ‘न आने वाला कल’ ही त्यांची कादंबरी पहाडातल्या एका शाळेत राजीनामा देणाऱ्या मास्तराचीच आहे. माझ्यासारखा मास्तर ती कादंबरी जरा हेव्यानेच वाचतो. आमच्यापैकी पुष्कळांच्या टेबलाच्या खणात असा एखादा कागद असतो, फक्त खाली तारीख घातलेली नसते. पण राजीनामा देणारा नायक जितका मनाला भावतो, तितकाच दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात चहासाखर कुणी आणली हा प्रश्न मनात येतो. कादंबरीत तो प्रश्न फारसा येत नाही. नाटकांत मात्र राकेश तो टाळू शकले नाहीत. रंगभूमीवर घर दाखवायचे म्हटले की त्यात कुणीतरी बसलेले दाखवावेच लागते.

त्यांची तिन्ही नाटके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. तिन्हींत एक घर आहे, घरात एक बाई आहे, आणि एक पुरुष आहे जो बाहेर जातो किंवा परत येतो किंवा दोन्ही करतो. ‘लहरों के राजहंस’मध्ये बुद्धाचा भाऊ नंद आणि त्याची रूपगर्विता पत्नी सुंदरी आहेत, अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यावरून घेतलेली गोष्ट. नंद मुंडण झालेल्या डोक्याने घरी येतो आणि पुन्हा निघून जातो. का जातो, हे राकेशांना वर्षानुवर्षे ठरवता आले नाही. ही गोष्ट त्यांनी आधी कथा म्हणून लिहिली, मग नभोनाट्य म्हणून, मग नाटक म्हणून; ते छापून झाल्यावर तिसरा अंक पुन्हा लिहिला, आणि १९६८ साली नाटकाची नवी आवृत्ती काढली. एवढा मोठा कारागीर एका दाराशी इतकी वर्षे अडून बसला! घरातून निघून जाणाऱ्या माणसाला काहीतरी पटण्याजोगे बोलता यावे, यासाठीच ही सगळी धडपड असावी, असे मला वाटते.

‘आधे-अधूरे’मध्ये ते सम्राट, राजपुत्र, मेघ, राजहंस सगळे गेले. उरली एका शहरी घरातली धूळ बसलेली बैठकीची खोली, पडून राहिलेले चहाचे पेले, फाईल आणि वर्तमानपत्र. सावित्री नोकरी करते. नवरा महेंद्रनाथ धंद्यात बुडून घरी बसला आहे. मोठी मुलगी पळून जाऊन लग्न करून परत आलेली, मुलगा बेकार, धाकटी मुलगी तोंडाळ. घर चालते ते सावित्रीच्या पगारावर, आणि घरात सगळ्यांना राग येतो तो सावित्रीचा. दिल्लीत ओम शिवपुरींनी ते प्रथम केले, सुधा शिवपुरी सावित्री झाल्या. मुंबईत सत्यदेव दुबे यांनी केले, आणि तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. नाटक छापून आले होते तेही मुंबईहूनच, धर्मवीर भारतींच्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकात. घराघरांत जाणाऱ्या साप्ताहिकात असे नाटक यावे याचे त्या काळी पुष्कळांना नवल वाटले असेल. पण ते घराघराचेच होते.

त्या नाटकात महेंद्रनाथ, सावित्रीचा वरिष्ठ सिंघानिया, तिचा जुना मित्र जगमोहन आणि नवऱ्याचा मित्र जुनेजा, हे सगळे पुरुष एकच नट करतो. पुरुष म्हणून सावित्रीने कुणाकडेही जावे, भेटेल तो हाच, असा त्याचा अर्थ. आणि हे तिला तोंडावर ऐकवतो जुनेजा. तू कुणाशीही लग्न केले असतेस तरी दोनचार वर्षांत हेच झाले असते, असे तो तिला समजावतो. टाळ्या घेणारे भाषण आहे. पण मी विचारतो, हे सांगणारा तरी कोण? तोच नट! म्हणजे बाईच्या आयुष्याचा अंतिम निवाडादेखील त्याच पुरुषाने द्यायचा. नाटककाराला ही विसंगती दिसली नसेल असे मला वाटत नाही. त्याने ती आपल्यासाठी तशीच ठेवून दिली आहे. शेवटी रुसून गेलेला महेंद्रनाथ धडपडत घरी येतो. ‘आषाढ’मध्ये कालिदास निघून गेला हे दुःख होते, इथे महेंद्रनाथ परत आला हे दुःख आहे. कुणी संसारी बाईने ही दोन नाटके ओळीने वाचावीत, आणि कालिदास मल्लिकेपाशी राहिला असता तर पुढे काय झाले असते, ते मला सांगावे.

मघाच्या देण्याकडे परत येतो. मीही चारदोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. नाव सांगण्याजोगी त्यांत एखादीच. तिच्यात एक बालविधवा आहे. ती कुणावरून घेतली हे आमच्या गावात कुणालाही कळले असते. नात्याची नव्हे, पण सारा गाव जिला आत्या म्हणे अशी एक म्हातारी. कुणीतरी तिला ते प्रकरण वाचून दाखवले. पुढे एकदा देवळाच्या पायऱ्यांवर भेटली तेव्हा म्हणाली, “लिहिलंस ते खोटं नाही रे. चांगलंच लिहिलंयस. पण ते माझं होतं. माझ्यापाशी तेवढंच होतं.” रागावून बोलली नाही. मग माझ्या मुलांची चौकशी केली आणि काठी टेकत गेली. ते प्रकरण मी गाळले नाही. आज लिहायला बसलो तरी तसेच लिहीन. त्यावाचून ती कादंबरी उभीच राहत नाही. पण तिचे वाक्य खोडून काढील असे एकही उत्तर मला त्या दिवशी सापडले नाही, आणि ती गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

कलावंताच्या बाजूने जे बोलले जाते ते सर्वांना पाठ आहे. ‘मेघदूत’ राहिले, मल्लिका राहिली नसतीच. कवीने तिला अमर केले. शंभर घरे बसली तरी चालतील, एक ‘शाकुंतल’ हवे. असे म्हणणारे लोक दुष्ट नसतात. त्यांचे काव्यावर खरे प्रेम असते. माझेही आहे. पण हे म्हणणारे आपण कोण आहोत, ते पाहावे. आपण वाचक आहोत. मल्लिकेचे जे गेले त्याचा लाभ ज्यांना झाला, ते आपण. सावकाराचे पैसे तिसऱ्याच्या घरात खर्च झाले आणि त्या तिसऱ्याने ऋणकोला सांगितले की जा, तुझे कर्ज माफ, असा हा प्रकार आहे. माफ करायचे तर ते मल्लिकेने. तिने केलेही असेल. तिचा स्वभाव तसा आहे. पण तिच्या वतीने ते करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

याचा अर्थ काव्य जाळून टाकावे असा होत नाही, आणि कवीचे चारित्र्य तपासून मग पुस्तक हाती घ्यावे असाही होत नाही. आमच्या शाळेत असली सोवळी मते सांगणारे सहकारी आहेत. त्यांना मी नेहमी विचारतो की मग फळ्यावर कुणाची कविता लिहू? काव्याची वही निराळी आणि देण्याची वही निराळी, इतकेच मला म्हणायचे आहे. एकीतली जमा दुसरीत दाखवता येत नाही. ‘आषाढ का एक दिन’ उत्तम आहे म्हणून राकेशांच्या आयुष्यातले कुणाचे देणे फिटत नाही. आणि फिटले नाही म्हणून नाटक एका ओळीनेही कमी होत नाही. राकेशांचा मोठेपणा मला यात दिसतो की, नाटक लिहिताना त्यांनी दोन्ही वह्या उघड्या ठेवल्या. अंबिकेला त्यांनी मूर्ख केले नाही. तिचे म्हणणे खोडून काढण्याची संधी कालिदासाला तीन अंकांत एकदाही दिली नाही. स्वतः ज्या जातीचे, तिच्याविरुद्ध इतका सडेतोड साक्षीदार उभा करायला धैर्य लागते. ते धैर्य त्यांच्या रोजच्या जगण्यात किती होते, हे त्यांच्या मागे प्रसिद्ध झालेली डायरी वाचून ज्याने त्याने ठरवावे.

एक गोष्ट मात्र त्या नाटकात घडत नाही. मल्लिका स्वतः त्या पानांवर काही लिहीत नाही. तिला वाचता येते, काव्य कळते, ते पाठ आहे; पाने तिची, शिवण तिची. तरी ती वाट पाहते की तो येईल आणि लिहील. राकेशांना हे सुचले नाही की त्यांनी मुद्दामच असे ठेवले, ते सांगता येत नाही.

राकेशांची तिसरी पत्नी अनिता. त्या वयाने पुष्कळच लहान होत्या. पती गेल्यावर तीन वर्षांनी, १९७५ साली, त्यांचे ‘चंद सतरें और’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आणखी थोड्या ओळी, असा त्या नावाचा अर्थ. आपल्याला हा प्रकार नवा नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त रेव्हरंड टिळक एका थोर कवीबरोबरच घरातले पैसे दुसऱ्याला देऊन रिकाम्या हाताने परत येणारे गृहस्थही असतात, आणि आपण हसत हसत दोघांनाही नमस्कार करतो. सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले तेव्हा कितीतरी घरांत वाद झाले. लाडक्या लेखकाच्या घरातली दुसरी खुर्ची बोलू लागली हे पुष्कळांना रुचले नाही. अनिता राकेश यांच्या पुस्तकात ज्याच्यावर जीव लावला असा माणूस आहे, आणि ज्याच्याबरोबर राहणे सोपे नव्हते असाही माणूस आहे. दोघे एकाच खोलीत वावरतात. लेखिका त्यांना वेगळे करायला जात नाही.

हिंदी वाचता येत असेल त्यांनी या सुटीत ‘आषाढ का एक दिन’ जरूर वाचावे. घरात दोघांनी मिळून, मोठ्याने वाचले तर अधिक बरे. भाषा संस्कृतप्रचुर आहे, मराठी माणसाला अडणार नाही. शेवटच्या पानावर घाई करू नये. विलोम येऊन गेला आहे, आत मूल रडते आहे, मल्लिका त्याला घ्यायला गेली आहे. कालिदास एकटाच उभा आहे. काळ कुणासाठी थांबत नाही, असे काहीतरी तो म्हणतो आणि पावसात निघून जातो. मुलाला घेऊन मल्लिका बाहेर येते, तो नाही असे पाहून दाराकडे धावते, उंबऱ्यापर्यंत जाते. मग तिची नजर आपल्या कडेवरच्या मुलाकडे जाते. बाहेर पाऊस आहे, मूल भिजेल. ती मागे फिरते.